बाहेरची कडी

स्क्रूड्रायव्हरवर हातोडीचा पहिलाच घाव बसला नि स्क्रूचं डोकं चेपलं, तशी दर्शनानं शिवी हासडली. खाऱ्या वाऱ्यानं कडीचे स्क्रू दारात गंजून बसले होते. बाप पिऊन आला की आईला झोडपायचा, खोलीत ढकलायचा आणि हीच कडी बाहेरून लावायचा.

"राहू दे गं," आई उंबऱ्यातून म्हणाली. "येईल तो."

"येऊ दे. मेल्याची सवयच उपटून टाकते."

तिनं स्क्रूंवर रॉकेल सोडलं. गंजलेला स्क्रू आधी थोडा आवळायचा, मग सोडवायचा, हे ती गॅरेजात शिकली होती. करकरत एकेक निघाला. शेवटचा उरला तेवढ्यात पडवीत चपला वाजल्या.

बापानं आईला आत लोटलं, लोंबती कडी तशीच सरकवली आणि दर्शनाचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. "माझ्या घरात माझ्याच दाराला हात लावतेस?" रक्त तिच्या डोळ्यात उतरलं. त्यानं पुन्हा आपटलं.

एरवी कोंडल्यावर आई गुमान बसायची. आज तिनं आतून दारावर अंग झोकलं. दुसऱ्या धडकेला उरलेला स्क्रू लाकडाच्या ढलपीसकट उपटला आणि दार फाडकन बापाच्या थोबाडावर बसलं. तो पडवीच्या पायऱ्यांवरून अंगणात कोसळला.

आईनं दर्शनाला बखोटीला धरून आत ओढलं, पडलेली कडी आणि हातोडी तिच्या हातात कोंबली आणि दोन्ही हातांनी दार गच्च ओढून धरलं.

"तो उठायच्या आत," ती म्हणाली, "ही आतून ठोक."