थोरलीचे डोळे

"वर बघा. आता खाली. पापणी मिटू नका."

डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला सारला. "किती तास घालता लेन्स?"

"कामावर आठ. तिथून थेट आईकडे, दोन-तीन."

"काम कुठलं?"

"दातांच्या कवळ्या करते."

म्हणजे दिवसभर घासकाम, आणि हवेत पिठासारखी उडणारी गुलाबी भुकटी. डॉक्टरीणबाईंनी हात जोडायचेच तेवढे बाकी ठेवले.

"दोन्ही बुबुळांवर ओरखडे आहेत. आणखी महिनाभर असंच चाललं, तर नजर जाईल. चष्म्याशी तुमचं काय वाकडं आहे?"

"चष्मा चालणार नाही," धाकटी एवढंच म्हणाली. सगळं सांगायचं तर फार मागे जावं लागलं असतं.

तिची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. आई तेव्हा स्वतःच दवाखान्यात होती, आणि घरी आली ती अर्धी आठवण तिथेच ठेवून. तिला सांगायचं कसं आणि कोणी? दादा म्हणाला, "आत्ता नको, सोसणार नाही तिला." ते 'आत्ता' काही संपलं नाही. मग एके दिवशी धाकटीने पुसायला म्हणून चष्मा काढला आणि आईचा चेहरा उजळला. "आलीस का गं थोरले? किती वाट बघायला लावलीस!" दोघी बहिणींचा तोंडवळा एकच, फरक काय तो चष्म्याचा. धाकटीने चष्मा पर्समध्ये टाकला आणि आठवड्याभरात लेन्स करून घेतल्या.

त्याला दीड वर्ष झालं. मऊ लेन्स झाल्या, रोज नव्या घालायच्या झाल्या, तऱ्हेतऱ्हेचे थेंब झाले. डोळ्यांत खडा गेल्यासारखं खुपायचं ते खुपायचंच. आईजवळ जाऊन बसेपर्यंत डोळे लालबुंद आणि पाण्याची धार. सुरुवातीला आई विचारायची, "धाकटी कुठे आहे गं? येत का नाही?" ही रुमालाने डोळे टिपत, मान खाली घालून म्हणायची, "कामात आहे. येईल." एकदा आईने तिचा चेहरा ओंजळीत धरला, बराच वेळ बघितलं, आणि त्यानंतर धाकटीचं नाव म्हणून काढलं नाही.

दादाला हायसं वाटलं. धाकटीला मात्र ते लागलं. उशाशी बसायला आपण, औषधं द्यायला आपण, आणि आई विसरली तीही आपल्यालाच. पण ही तक्रार करणार कुणाकडे?

"लेसर करता येईल?" तिने विचारलं.

"नंबर उणे नऊ, आणि बुबुळावरचा पडदा पातळ. मी हात लावणार नाही. दुसरं कुणी लावतो म्हणालं, तरी लावू देऊ नका."

"मग डोळ्याच्या आत बसवतात ती लेन्स?"

"बसवता येईल. पण आधी डोळा शांत व्हायला हवा. तीन महिने फक्त चष्मा. मग मापं घेऊ."

तीन महिने. तेवढे दिवस आईची थोरली जाणार कुठे?

दादाने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, डोळे गेल्यावर ना तू थोरली, ना धाकटी. घाल चष्मा."

"आणि आई?"

"आईला धाकटी भेटेल की. ते काय कमी आहे?"

तरी दुसऱ्या दिवशी ती चष्माही नाही आणि लेन्सही नाही, अशीच आईकडे गेली. जिना, दार, पलंग, सगळं पायांना पाठ होतं. पण औषध ओतताना मापावरची रेघ काही दिसेना. आईनेच तिचं मनगट धरलं.

"किती ओततेस गं? मारतेस का मला?" आई हसत म्हणाली.

धाकटीने बाटली खाली ठेवली. घरी जाऊन तिने चष्म्याचं घर शोधून काढलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती चष्मा घालून निघाली. काय बोलायचं ते वाटेत घोकत होती: थोरली बाहेरगावी गेली आहे, तीन महिन्यांनी येईल. आई रडेल, रुसेल, समजूत घालावी लागेल. आणि खोटं कशाला बोला, तिला आतून आनंदही होत होता. दीड वर्षाने आई आपल्याला आपली म्हणून हाक मारणार होती.

आई खिडकीशी बसली होती. तिने मान वळवली. चष्म्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. तिचे ओठ थरथरायला लागले.

"आई, मी आलेय," धाकटी म्हणाली.

"या, बसा बाई," आईने स्वतःला सावरलं. "दवाखान्यातून आलात ना? थोरलीने पाठवलं असेल. तुमचा चष्मा बघून जरा गलबलून आलं, एवढंच. माझी धाकटी असाच घालायची."

धाकटी खुर्चीच्या कडेवर टेकली. "घालायची?"

"गेली हो ती. मला कुणी सांगितलं नाही. पण थोरली रोज रडून रडून लाल झालेले डोळे घेऊन येते, धाकटीचं विचारलं की मान खाली घालते. आईला का हे कळत नाही?" आईने तिचा हात हातात घेतला आणि आवाज अगदी खाली आणला. "तुम्ही मात्र तिच्याजवळ बोलू नका. मला सोसणार नाही म्हणून पोर एकटीच सोसतेय."