भरलेले रकाने

"अहो, पण रकाना रिकामा तर दिसतोय!" काकू लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"दिसतोय, पण नाहीये." काकूंचे यजमान इमारतीचे सेक्रेटरी होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. चष्मा कपाळावर गेला की घरात व्याख्यान सुरू होतं. "तू नाव पुसायला स्पेस दाबलीस. काउंटए हा फॉर्म्युला भरलेले रकाने मोजतो. स्पेस दिलेला रकाना त्याच्या लेखी भरलेलाच. म्हणून तुझा शिवणवर्ग सोडून गेलेली बाई शीटमध्ये अजून हजर आहे. पुसायचं तर डिलीट दाबायचं."

"म्हणजे काहीच न बोलता मोजणीत यायचं. तुमच्या कमिटीतले निम्मे सभासद असेच आहेत की!"

सेक्रेटरींनी चष्मा खाली ओढला. व्याख्यान संपलं.

त्या आठवड्यात त्यांना हसायला सवड नव्हती. इमारतीत लिफ्ट बसवायची की नाही, यावर मतदान होतं. सोळा घरांपैकी बारा घरांनी हो म्हणायला हवं होतं. एक जरी कमी पडलं तरी विषय कायमचा गुंडाळायचा, असं ठरलं होतं. तळमजल्यावरच्या शिंप्याने तर जिन्यातच सभा भरवली होती. "मला लिफ्ट कशाला? तळमजल्यावरून तळमजल्यावर जायला?"

काकूंचा जीव मात्र चौथ्या मजल्यावर अडकला होता. तिथे चित्रकलेच्या बाई राहायच्या. निवृत्त, एकट्या, आणि न्हाणीघरात पडल्यापासून गुडघ्याने कायमच्या कामातून गेलेल्या. त्या पडल्या तेव्हापासून जिना उतरल्या नव्हत्या. कुणी दूध नेऊन द्यायचं, कुणी औषधं. शिंपीसुद्धा लिफ्टला शिव्या घालत त्यांचं वर्तमानपत्र वर पोचवायचा.

काकू रोज भाजी घेऊन जायच्या. चौथ्या मजल्यापर्यंत त्यांच्या छातीचा भाता व्हायचा. पिशवी एकीकडे, आपण एकीकडे, अशा त्या खुर्चीत कोसळायच्या.

"लिफ्ट झाली ना बाई, की आपण दोघी बाजारात जाऊ. वांगी तुम्ही निवडायची, घासाघीस मी करायची."

"आधी बस तर खरी. पाणी घे," बाई म्हणायच्या. "काल शिंप्याची सून रुसली होती म्हणे?"

मग तासभर शिंप्याची सून पुरायची.

मतदान गुप्त ठेवायचं म्हणून सेक्रेटरींनी डोकं चालवलं होतं. प्रत्येक घराने चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचा आकडा कुणाला दाखवायचा नाही. लॅपटॉपवर आपल्या आकड्यासमोर 'हो' लिहायचं. नको असेल तर रकाना तसाच सोडायचा. बाईंकडे ते स्वतः लॅपटॉप घेऊन गेले. काकू सोबत होत्या.

"नाव कुठे दिसणार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"मलासुद्धा नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि नवरा-बायको शाळेतल्या मुलांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकूंना भरून आलं. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं तरी किती संकोच या बाईला!

निकाल संध्याकाळच्या सभेत, सगळ्यांसमोर. तोवर फॉर्म्युला घालून बघणं हेही सेक्रेटरींच्या मते पाप होतं. दुपारी ते निर्धास्त घोरायला लागले. काकूंनी लॅपटॉप उघडला.

एका कोपऱ्यात त्यांनी ओळी मोजायचा फॉर्म्युला घातला. सोळा. मग काउंटए. अकरा.

एक. फक्त एक! त्यांनी पुन्हा घातला. यंत्राला दयामाया नव्हती. अकराच.

काकूंनी आतल्या खोलीकडे कान दिला. घोरणं तालात होतं. आयुष्यात त्यांनी भाजीवाल्याचं सुटं नाणंसुद्धा चुकून जवळ ठेवलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर खिडकीपाशी बसलेल्या बाई आल्या. काकूंनी रिकाम्यांपैकी एक रकाना निवडला. हा त्या शिंप्याचाच असणार, अशी मनाची समजूत घातली आणि स्पेसबार दाबला.

रकाना रिकामाच दिसला. कोपऱ्यात मात्र बारा झाले. मग काकूंनी स्वतःचे दोन्ही फॉर्म्युले पुसले. या वेळी डिलीट दाबून.

सभेत सेक्रेटरींनी नावनिशी नसलेली यादी झाकून फक्त काउंटएचा आकडा पडद्यावर आणला. चष्मा कपाळावर गेला तेव्हा काकूंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"बारा! लिफ्ट मंजूर!"

टाळ्या पडल्या. शिंपी म्हणाला, "घ्या! आता माझ्या डोक्यावर मशीन घरघरणार." पण सगळ्यात आधी त्यानेच काकूंना ढकललं, "जा, बाईंना सांगा की!"

काकू धावत सुटल्या. वर पोचेपर्यंत तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी नेहमीसारखं पाणी पुढे केलं.

"झालं, बाई! बरोब्बर बारा! एक जरी कमी असतं ना..."

बाईंनी हळूच तांब्या खाली ठेवला.

"अहो, डोळे काय पुसताय! आता तुम्ही मोकळ्या झालात."

"अगं, जिना चढून आलेल्या माणसाला धाप लागते," बाई म्हणाल्या. "मग तो बसतो, पाणी पितो, दोन शब्द बोलतो. लिफ्टने आलेला दारातूनच पिशवी देऊन जाईल. म्हणून तर मी माझा रकाना रिकामा सोडला होता."