कानात सांगितलेलं नाव

"मुलीचं नाव?" नोंदणी कचेरीतल्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. बायकोने माझ्याकडे रागाने पाहिलं.

ब्राझीलमध्ये जन्मलेली आमची लेक पहिल्या रडण्याबरोबरच तिथली नागरिक झाली होती. तिच्या जोरावर आम्हा दोघांनाही तिथे कायमचं राहता येणार होतं. फक्त तिचा जन्मदाखला हवा होता, आणि दाखल्यावर नाव. आमचा व्हिसा उद्या संपत होता.

पण नाव ठेवायचा मान माझ्या ताईचा. "आत्या जिवंत असताना दुसरं कोण नाव ठेवतंय, बघतेच!" असं तिने इस्लामपुरातून बजावलं होतं. बाराव्या दिवसाआधी तिने नाव आम्हालाही सांगितलं नव्हतं. बारावा दिवस आज उजाडला होता.

शेवटी मी काउंटरसमोरच व्हिडिओ कॉल लावला. ताई पैठणी नेसून, नथ घालून तयारच होती. "फोन बाळाच्या कानाला लाव. आणि नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते माझ्याऐवजी तू खा!"

बायकोने ते काम फार मनापासून केलं. ताईचं "कुर्रर्र" अख्ख्या कचेरीला ऐकू गेलं. मग ताई फोनमधून बाळाच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि फोन कटला. पुन्हा लावला, तर लागेना. इस्लामपुरात लाइट गेली असणार.

बाईंनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या आणि पेन उचललं. "छान! मग काय ठेवलं नाव?"

आम्ही दोघांनी बाळाकडे पाहिलं. नाव ठाऊक असलेली त्या देशातली ती एकमेव नागरिक होती, आणि तिने शांतपणे जांभई दिली.