तिसरा रूळ

आमचे हे आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही छोट्या आगगाड्या बनवून चालवणाऱ्या हौशी मंडळातले. दोन रुळांमधलं अंतर किती असावं यावरून त्यांचं बिनसलं, एका मंडळाची दोन झाली आणि भावाने माझ्या दारात पाऊल टाकणं सोडलं. बोटभर अंतरापायी माझं माहेर तुटलं!

यंदा प्रदर्शनाला हॉल एकच मिळाला. मग मीच दोघांना खडसावलं, "डोकी पांढरी झाली, आता आतूनही काही उजळू द्या. दोघांच्या गाड्या धावतील असा रूळ टाका." खपून खपून त्यांनी तीन रुळांचा एकच रस्ता केला. एक रूळ दोघांचा सामाईक, दुसरा भावाच्या अरुंद गाडीसाठी, तिसरा ह्यांच्या रुंद गाडीसाठी. सुताचाही फरक नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, आज जेवायला तुझ्याकडे."

"ये. पण जेवताना रुळांचं नाव काढलंस तर समोरचं ताट ओढून घेईन."

प्रदर्शन सुरू झालं. रुळांच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला तो. पहिल्या गाडीचा मान आपलाच, असं दोघांनीही मनाशी धरलेलं. शिट्टी झाली आणि दोन्ही गाड्या सुटल्या.

"दाजी, थांबवा तुमची!"

"तू थांबव, तू धाकटा!"

पुलावर इंजिनं समोरासमोर आदळली. भावाने आपलं इंजिन रुमालात गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता तो निघून गेला.

 

माप जुळलं होतं. आधी कोणी थांबायचं, हे दोन्ही मंडळांच्या नियमांत नव्हतं.