तेलाची पट्टी

तिसऱ्यांदा गाडी नाशकात द्वारका चौकातल्या गॅरेजवर आली, तीही ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून. सावळीराम मिस्तरीनं हातातला पाना खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. आता करून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गाडी साधी नव्हती. धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी इंजिनिअरांची, चारही चाकांनी ओढणारी जीप, काम संपल्यावर लिलावात निघालेली. तिला क्लचच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. अख्ख्या नाशकात सावळीरामनं अशी दुसरी गाडी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी तो तिच्याखाली आडवा झाला तो जेवायची वेळसुद्धा विसरला.

येवल्याकडच्या जयरामनं मात्र ती नवलापोटी घेतली नव्हती. बावीस वर्षं त्यानं एसटी चालवली होती. चांदवडच्या घाटात समोरून ट्रक आदळला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आठ दिवस माणूस वाचतो की नाही अशी गत होती. वाचला, पण क्लच दाबायला पाय उरला नाही. दोन वर्षं तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या बघत राहिला. मग कुणीतरी सांगितलं, की डाव्या पायाची गरजच नाही अशी एक गाडी लिलावात आहे. हाती होतं नव्हतं ते त्यानं तिच्यात घातलं. ही गाडी चालली तर जयराम पुन्हा ड्रायव्हर होणार होता. नाही चालली तर ओटा होताच. गॅरेजवर येताना दर वेळी तो आपला ड्रायव्हरचा पितळी बिल्ला शर्टाला लावून यायचा.

सपाटीला गाडी सुरेख पळायची. चढ लागला की इंजिन नुसतं गुरगुरायचं, चाकं काही ओढायची नाहीत. सावळीरामनं गिअरच्या पेटीतलं जुनं तेल काढून टाकलं, मुंबईहून लाल तेल मागवलं आणि तेल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेपर्यंत भरलं. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी जयराम स्वतः ती पट्टी ओढून बघायचा. डेपोत त्याला तसंच शिकवलं होतं. गाडी बंद, इंजिन थंड, मग तेल बघायचं. बावीस वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती. पट्टीही इमानदार, रोज खुणेच्या वरच तेल दाखवायची. तेल पुरेसं आहे म्हटल्यावर खोट पेटीच्या आत असणार, आणि आत काय आहे ते नाशकात कुणाला ठाऊक!

जयरामची बायको भागीबाई दर खेपेला बरोबर यायची आणि जुन्या टायरवर बसून सगळं बघायची. घरी विहिरीवरची मोटर लावून कांद्याला पाणी भरायचं काम तिच्याकडे. पहिल्या खेपेला तिनं मिस्तरीला विचारलं होतं, की गाडी चालू झाली की हे तेल जातं कुठं. सावळीरामनं कौतुकानं सांगितलं, की पेटीत एक पंप असतो, तो तेल ओढून पुढच्या डब्यात भरतो. ती मान हलवून गप्प बसली. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. गाडी परत अडून आली, की ती फडक्यातली भाकरी सोडायची, मिस्तरीलाही द्यायची, आणि एवढे पैसे अडकलेल्या बाईला शोभू नये इतक्या निवांतपणे जेवायची.

आज सावळीरामनं मन घट्ट करून सांगून टाकलं. ही पेटी काढू आणि साधी बसवू, क्लचवाली. गाडी पळेल, पण चालवायला दुसरं कुणीतरी ठेवावं लागेल.

जयरामनं बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग गाडी विकून टाका म्हणाला. त्यानं शर्टाचा बिल्ला काढून बायकोच्या हातात दिला.

"ट्रंकेत टाक हा," तो म्हणाला. "पुन्हा काढू नको."

भागीबाई बिल्ल्याकडे बघत राहिली. रोज पुसून पुसून त्याच्यावरचे आकडे झिजले होते. ती उठली, पदर खोचला आणि मिस्तरीसमोर जाऊन उभी राहिली.

"मिस्तरी, मोटर बंद ठिवून हिरीचं पानी बघत्यात का? सकाळी हीर भरलेलीच दिसती. मोटर चालू करा, पाईप भरू द्या, मंग बघा हिरीत किती ऱ्हातं."

चालू गाडीत कधी पट्टी ओढतात का, म्हणून जयराम वैतागला. सावळीराम मात्र आधीच स्टिअरिंगपाशी पोचला होता. त्यानं गाडी सुरू केली, इंजिन चांगलं गरम होऊ दिलं आणि तसंच चालू ठेवून पट्टी ओढली. पट्टीचं टोक कोरडं होतं.

दोन लिटरच्या वर तेल बसलं. मग जयराम स्टिअरिंगवर बसला, सावळीराम शेजारी, आणि गाडी पांडवलेण्याकडच्या चढाला लागली. गुरगुर नाही, की थांबणं नाही. परत आली तेव्हा जयरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. भागीबाईनं खिडकीतून हात घालून बिल्ला त्याच्या शर्टाला लावला.

सावळीराम तिच्यामागे येऊन उभा राहिला. एवढी साधी गोष्ट वहिनींना आधीच सुचली असती तर तीन महिने वाचले असते, असं तो हसत म्हणाला.

भागीबाई हसली नाही. जयरामला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "पयल्याच दिशी सुचलं व्हतं, भाऊ. पण गाडी बंद व्हती तवर मानूस घरी तरी व्हता."