वैद्याची गोळी

डबीतली गोळी ऋतुराजने जिभेच्या टोकाला लावली आणि मोरीत थुंकला. भेसळीचं ऑइल नुसत्या वासावर ओळखणारा गॅरेजवाला तो. झाडपाल्याची गोळी एवढी पांढरी, एवढी गुळगुळीत असते होय?

"वैद्य कुरुंदवाडचा आणि गोळी कंपनीची?" त्याने बायकोला विचारलं.

"त्येंचीच हाय," वर्षाराणी म्हणाली आणि डबी फळीवर ठेवली. "गुण येतोय. गप खाऊ दे की मला."

अजून तिशीही ओलांडली नव्हती तिने. छातीत कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं होतं. पण आक्कांनी, म्हणजे ऋतुराजच्या आईने, घर डोक्यावर घेतलं. "पोरीच्या अंगाला चाकू लावायचा न्हाय. आन् दवाखान्याचं औषध ह्या घरात आणायचं न्हाय!" वैद्याकडे सुनेला त्यांनीच नेलं.

ऋतुराजला हे पटलं नव्हतं. पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे, आणि तिने दरडावून विचारलं की पोटातलं सगळं ओकून मोकळा व्हायचा. अख्ख्या मंगळवार पेठेला ते ठाऊक होतं.

एका रविवारी तो कुरुंदवाडला जाऊन थडकला.

"पावणं, आमी गोळ्या देतच न्हाय," वैद्य शांतपणे म्हणाला. "पुड्या देतो."

चोराच्या उलट्या बोंबा! इंग्रजी औषध मिसळतो हे कोण कबूल करणार? ऋतुराज दातओठ खातच परतला.

भांडून उपयोग नव्हता. त्याने वेगळीच शक्कल लढवली. मेडिकलमधून तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या आणि डबी रिकामी करून त्या भरल्या. गुण यायचा थांबला की ही स्वतःच वैद्याचा नाद सोडेल आणि ऑपरेशनला तयार होईल. वर्षाराणीने डबी भरली की तो गुपचूप बदलायचा. बायकोवर जीव होता त्याचा. तिला विषातून सोडवतोय, याचं त्याला मनापासून समाधान वाटायचं.

झालंही त्याच्या मनासारखं. गाठ वाढली. काखेतही हाताला लागू लागली. वर्षाराणी धाय मोकलून रडली आणि आक्कासुद्धा नरमल्या.

"न्हे बाबा तिला दवाखान्यात," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ऋतुराज पुढे सरसावला. "त्या वैद्यानं घात केला, मॅडम. बरं झालं, मी वेळेत..."

त्यांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. "वर्षाराणी, मागच्या खेपेला गाठ निम्म्यावर आली होती. आता नुसत्या ऑपरेशननं भागायचं नाही गं. गोळ्या कधी बंद केल्यास?"

"एक दिवस चुकवला न्हाय, मॅडम," ती हुंदका देत म्हणाली. "ह्यांस्नी सांगितलं असतं तर आक्कांना कळलं असतं. म्हणून तुमच्या गोळ्या वैद्याच्या डबीत ठिवून खात हुते."