पलीकडचं लेकरू

"ताप उतरलाय," नर्स हेदर म्हणाली आणि सिबाच्या मांडीवरच्या लेकाच्या, कालेबच्या, बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा तिने काढून घेतला. सिबाचा चेहरा पडला.

दाराशी बसलेल्या डॉर्कसने ते पाहिलं. सिबा तिची मावसबहीण, समोरच्या पापुआच्या, म्हणजे दुसऱ्या देशाच्या, किनाऱ्यावरची. दोन्ही देशांच्या करारामुळे होडीने इकडे यायला तिला पासपोर्ट लागत नसे. लग्नाला, मर्तिकाला, मासळी विकायला कुणी अडवत नसे. अडायचं ते या दवाखान्यात.

"खोकला बघा ना त्याचा. बरगड्या बघा," सिबा म्हणाली.

"दिसतंय गं. एक्स-रे हवाय, मोठ्या बेटावर जाऊन. पण पलीकडच्या माणसाला मी इमर्जन्सी असेल तरच पाठवू शकते. हा श्वास नीट घेतोय."

"म्हणजे निळा पडला की घेऊन येऊ?"

हेदरने औषधाची बाटली पुढे सरकवली. "तुमच्याकडच्या हॉस्पिटलात ने त्याला."

"दिवसभर उघड्या होडीत? ह्या वाऱ्यात?"

बाहेरून सिबाच्या नवऱ्याची शिट्टी आली. ओहोटी लागली होती. अजून थांबलं तर होडी चिखलात रुतणार.

सिबाने डॉर्कसकडे बोट केलं. "आणि हिचा असता तर?"

"तर दुपारच्या विमानात बसवला असता. आईसकट. फुकट."

"मग हिचाच आहे. मी दिला."

बेटावर नात्यात मूल द्यायची रीत होती. कॉलेजात असताना डॉर्कसने ती मैत्रिणींना मोठ्या कौतुकाने सांगितली होती. एकदा शब्द गेला की मूल परत मागायचं नाही, आणि खरी आई कोण हे त्याला कधी कळू द्यायचं नाही.

"वेडी आहेस का सिबा? असं रागाच्या भरात देतात का कुणी?"

"राग कुठाय? घेतेस की नाही तेवढं बोल. पाणी उतरतंय."

हेदर बेटावर नवी नव्हती; ही रीत तिला ठाऊक होती. तिने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"पुढे कागद मागतील, डॉर्कस. मी मात्र एकदाच विचारणार. कुणाचा हा?"

कालेबला उबळ आली. डॉर्कस ती थांबायची वाट पाहत राहिली. त्याचे डोळे पाण्याने भरले, मान ताठ झाली, तरी उबळ थांबेना.

"माझा," डॉर्कस म्हणाली.

सिबाने त्याला डॉर्कसच्या मांडीवर ठेवलं. तो लगेच वळला आणि दोन्ही हात पसरून रडू लागला. "आई! आई!"

सिबाने आपले हात पाठीमागे नेले.

"आई ती," ती म्हणाली. "मी मावशी."